रणांगणावरून जखमी होऊन परतलेल्या जवानाची रात्र कशी सांभाळावी

युद्धातून जखमी होऊन आलेला मुलगा, नवरा, भाऊ किंवा वडील ज्यांच्या घरात आहेत, आणि जखम भरून आली तरी ज्यांच्या माणसाला लढाईच्या आठवणी झोपू देत नाहीत, त्या घरच्यांसाठी हे लेखन आहे. माझे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, डिसेंबर १९७१ मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीबरोबर तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, जमालपूरच्या आघाडीवर असताना सुरुंगावर पाय पडून जखमी झाले. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना पाय बसवून मिळाला आणि ते सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतले. पुढची पंचवीस वर्षे आमच्या घराने त्यांच्याशी जे वर्तन केले, त्यातले बरेचसे चुकीचे होते. कोणाच्याही मनात वाईट नव्हते, परंतु कसे वागावे हे सांगणारे कोणी नव्हते, आणि विचारावे हे आम्हाला सुचले नाही.

त्या चुकांतली सर्वांत मोठी चूक एका शब्दात सांगता येते, आणि तो शब्द म्हणजे 'विसर'. आजी म्हणे, विसर बाबा आता. गावातली माणसे म्हणत, झाले गेले विसरा, जिवंत आलात हे नशीब समजा. पण ही आठवण त्या माणसाने मुठीत धरून ठेवलेली नसते, की सोड म्हटल्यावर ती सुटेल. ती त्याच्याकडे न बोलावता येते आणि आली की जुनी गोष्ट म्हणून येत नाही, तर आत्ता घडत असल्यासारखी येते. अशा माणसाला विसरण्यास सांगितले, तर या घरात त्या विषयावर बोलायचे नसते एवढेच तो शिकतो आणि पुढे एकटाच जागा राहतो. म्हणून घरच्यांनी विसरायला लावणे हे उद्दिष्ट पहिल्याच दिवशी सोडून द्यावे. आठवण आली तरी तिची त्याला लाज वाटू नये, ती येऊन गेल्यावर त्याला हाताला धरून पुन्हा घरात आणता यावे, आणि त्याला योग्य उपचारापर्यंत पोहोचवता यावे, एवढी तीन कामे घरच्यांची आहेत.

हे काय आहे, ते आधी ओळखावे

युद्धावरून आलेल्या प्रत्येक जखमी जवानाला हा त्रास होतोच असे नाही, आणि पहिले काही आठवडे झोप उडणे, दचकणे, घास न उतरणे हे स्वाभाविकच असते. लक्ष ठेवायचे ते महिना उलटून गेल्यावरही ही लक्षणे टिकतात का, किंवा वाढतात का, यावर. एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडून घामाघूम होऊन उठणे. जागेपणी मध्येच नजर शून्यात जाणे आणि हाक मारली तरी ऐकू न जाणे. भिंतीला पाठ लावूनच बसणे, दाराकडे तोंड करूनच झोपणे. पलटणीतल्या मित्रांचे फोन टाळणे. क्षुल्लक गोष्टीवर भडकून उठणे आणि नंतर दिवसभर गप्प राहणे. मुलांशी खेळतानासुद्धा मन तिथे नसणे. यांतल्या बऱ्याच गोष्टी एकत्र दिसत असतील आणि त्यामुळे त्याचे रोजचे जगणे अडत असेल, तर डॉक्टर ज्याला आघातोत्तर तणाव विकार किंवा पीटीएसडी म्हणतात, त्याची शक्यता धरून चालावे. हा त्रास कधी कधी बराच उशिरा वर येतो. नोकरीत असेपर्यंत पलटणीच्या शिस्तीत आणि सोबत्यांच्या संगतीत जो माणूस ठीक होता, तो पेन्शनवर आल्यावर, घरी बसल्यावर ढासळतो, आणि घरच्यांना वाटते की इतक्या वर्षांनी याला आता काय झाले.

पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय लेखनात आणला. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत पीटीएसडी या नावाने या विकाराची नोंद झाली. या दोन सनांच्या मधल्या काळात कित्येक देशांच्या जवानांना भित्रे, नाटकी किंवा वेडे ठरवले गेले. आपल्याकडे त्याला आणखी एक नाव मिळाले, 'बाहेरचे लागले आहे'. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि त्यांच्या स्मरणाचा शिलालेख तिथे आहे. न परतलेल्यांसाठी आपण दगडावर अक्षरे कोरली, पण परत येऊन झोपू न शकणाऱ्यासाठी आपल्या बोलीत धड एक शब्दही नव्हता, म्हणून घरची माणसे देवऋषीकडे गेली. आमचीही गेली. अंगारा लावल्याने कोणाच्या मनाला धीर येत असेल तर त्यावरून घरात भांडण करू नये. मात्र अंगाऱ्यासाठी डॉक्टर पुढे ढकलू नये, आणि मारझोड, कोंडून ठेवणे किंवा उपाशी ठेवणे असले उपाय सांगणाऱ्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नये. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा अघोरी प्रकारांना गुन्हा ठरवले आहे.

रात्री प्रसंग आला तर

घरच्यांची खरी परीक्षा रात्री असते, म्हणून हा भाग नीट वाचावा आणि घरातल्या सर्व मोठ्या माणसांना वाचून दाखवावा.

झोपेत ओरडणाऱ्या किंवा हातपाय झाडणाऱ्या जवानाला हात लावून, हलवून, अंगावर ओणवे होऊन कधीही उठवू नये. त्या क्षणी त्याच्या दृष्टीने अंगावर येणारा माणूस शत्रू असतो, आणि त्याचे शरीर वर्षानुवर्षांच्या प्रशिक्षणाप्रमाणे विचाराआधी चालते. माझ्या काकूंच्या मनगटाला एकदा असाच मार बसला, आणि त्याचे दुःख काकूंपेक्षा तात्यांना अधिक झाले. त्यानंतर ते कितीतरी दिवस ओसरीवर झोपत होते. उठवायचेच असेल तर पायाच्या बाजूला, हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर उभे राहावे, आधी दिवा लावावा आणि मग नेहमीच्या आवाजात, घरात ज्या नावाने हाक मारतो त्याच नावाने हाक मारावी. खोलीत मंद दिवा रात्रभर ठेवणे हे अधिक चांगले, कारण जागा झाल्यावर आपण कुठे आहोत हे त्याला डोळ्यांनी लगेच कळते. ज्या भागात वीज जाते, तिथे चार्जिंगचा दिवा उशाशी असावा.

जाग आल्यावर, किंवा दिवसा जागेपणीच तो त्या प्रसंगात ओढला गेला असेल तर, त्याला प्रश्न विचारू नयेत. 'काय झाले, काय दिसले' हे विचारणे म्हणजे जो दरवाजा तो बंद करू पाहत आहे तो आपण पुन्हा उघडणे होय. त्याऐवजी आत्ताचे वर्तमान सांगावे, छोट्या छोट्या वाक्यांत आणि सावकाश: 'तात्या, तुम्ही घरी आहात. मी सुमन. आज मंगळवार आहे. बाहेर पाऊस पडतो आहे. म्हैस गोठ्यात आहे.' ही वाक्ये साधी वाटतील, पण त्यांचे काम फार मोठे आहे. लढाईच्या त्या जागी मंगळवारचा पाऊस नव्हता आणि म्हैसही नव्हती, त्यामुळे प्रत्येक वाक्य त्याला तिथून थोडे थोडे इकडे आणते. दोन्ही पाय, किंवा एक असेल तर एक, जमिनीवर टेकवायला सांगावा. थंड पाण्याचा तांब्या हातात द्यावा, तोंडावर पाणी मारू द्यावे. श्वास मोठा घेण्यापेक्षा तो हळूहळू सोडण्यावर भर द्यावा, आणि 'असे करा' म्हणण्यापेक्षा आपण स्वतः त्याच्यासमोर तसा श्वास सोडत बसावे. स्पर्श करायचा असेल तर आधी विचारावे, 'हात धरू का?'

तो सावरल्यावर चहा करावा आणि त्या रात्रीचा विषय तिथेच थांबवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना 'रात्री फार घाबरले हो' असे त्याच्या देखत सांगू नये. मात्र एका वहीत तारीख, वेळ, त्या दिवशी संध्याकाळी काय घडले होते, काय खाल्ले-प्याले होते आणि प्रसंग किती वेळ चालला, एवढे लिहून ठेवावे. महिन्याभरात त्या वहीतून असे काही दिसू लागते, जे डोळ्यांना एरवी दिसत नाही. आमच्याकडे ती वही फार उशिरा सुरू झाली, आणि तेव्हा प्रथम लक्षात आले की तात्यांच्या वाईट रात्री बहुतेक वेळा नवी विहीर खोदली जात असताना येत. विहिरीचा खडक फोडण्यासाठी सुरुंग उडवतात. शेतकऱ्याचा तो सुरुंग आणि तात्यांचा पाय नेणारा सुरुंग यांना आपल्या भाषेत एकच शब्द आहे, आणि त्यांच्या शरीरालाही त्या दोहोंत फरक करता येत नव्हता.

आवाज, सण आणि सत्कार

अचानक येणाऱ्या आवाजापेक्षा आधी ठाऊक असलेला आवाज कितीतरी सुसह्य असतो, हे एक सूत्र लक्षात ठेवले तर घरातल्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. विहिरीचे काम किंवा दगडखाणीतला स्फोट कोणत्या वेळी आहे हे ठेकेदाराला विचारून घरी सांगता येते. दिवाळीत गल्लीतल्या मुलांना बोलावून, फटाके सातच्या नंतर आणि समोरच्या मैदानात उडवा, अशी विनंती करता येते. कारण नीट सांगितले तर मुले ऐकतात, हा माझा अनुभव आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री शेतावरच्या घरी किंवा शांत ठिकाणी राहणाऱ्या नातेवाइकाकडे जावेसे त्याला वाटले तर सण मोडला असे मानू नये. गणपतीच्या मिरवणुकीतले ढोल एखाद्याला सोसतात, तर लग्नाच्या वरातीतले डीजे आणि आतषबाजी सोसत नाही. याला नियम नाही, म्हणून त्यालाच विचारावे. पण याच्या उलट टोकालाही जाऊ नये. सगळे आवाज, सगळी गर्दी, सगळे प्रसंग कायमचे टाळत गेले की त्याचे जग खोलीएवढे होते आणि भीती मात्र वाढत जाते. कशापासून दूर राहायचे आणि कशाला हळूहळू सामोरे जायचे, हे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाबरोबर बसून ठरवावे.

सीमेवर काही घडले की दूरचित्रवाणीवर दिवसभर तीच दृश्ये फिरत राहतात आणि मोबाइलवर चित्रफितींचा पूर येतो. त्या दिवसांत घरातला संच बंद ठेवावा, बातमी हवी असेल तर वर्तमानपत्र वाचावे, आणि 'तुम्ही होतात ना तिथे, मग तुम्हाला काय वाटते' असे विचारायला येणाऱ्या पाहुण्याला दारातच दुसऱ्या विषयाकडे वळवावे.

सत्काराबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते. गावाला आपल्या जवानाचा अभिमान असतो, तो खरा असतो, आणि म्हणूनच त्याला नकार देणे अवघड जाते. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, शाळेचे स्नेहसंमेलन, अशा प्रसंगी शाल-श्रीफळ देऊन त्याला ध्वनिक्षेपकासमोर उभे करतात आणि 'त्या रात्री काय घडले ते मुलांना सांगा' म्हणतात. ज्या रात्रीपासून तो वर्षानुवर्षे पळतो आहे, ती त्याने पाचशे माणसांसमोर गोष्ट म्हणून सांगावी, ही अपेक्षा क्रूर आहे, जरी ती प्रेमापोटी असली तरी. निमंत्रण आले की घरच्यांनी आधी त्याला एकट्याला विचारावे, आणि त्याला जायचे नसेल तर नकार स्वतःच्या तोंडाने कळवावा, म्हणजे त्याचा वाईटपणा त्याच्याकडे येत नाही. जायचे असेल तर भाषण नाही, फटाके नाहीत आणि कधीही उठून जाण्याची मोकळीक आहे, हे आयोजकांशी बोलून ठेवावे.

मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण अशा सभांतून फार वेळा दिले जाते. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून गंभीर जखमी झाला, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्याने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सारे खरे आहे आणि थोर आहे. परंतु 'पेटकर बघा, आणि तुम्ही घरात बसून आहात' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या थोर आयुष्याचा आपण टोमणा करतो. ते उदाहरण त्याने स्वतःहून काढले तर त्यावर अवश्य बोलावे.

जखम दुखते तेव्हा आठवणही जागी होते

शरीराची जखम आणि मनाची जखम यांचे उपचार वेगवेगळ्या खोल्यांत होतात, पण माणूस एकच असतो. वेदना उठली की ती ज्या क्षणी पहिल्यांदा उठली होती तो क्षण आठवतो. आठवणीने झोप मोडते. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी वेदना अधिक जाणवते. हे चक्र तोडायचे तर अस्थिरोगतज्ज्ञाला झोपेबद्दल आणि मानसोपचारतज्ज्ञाला वेदनेबद्दल सांगितलेच पाहिजे, आणि जवान स्वतः ते सांगत नाही, म्हणून सोबत गेलेल्याने सांगावे.

पाय किंवा हात कापावा लागलेल्या माणसाला नसलेल्या अवयवात ठणका लागतो, खाज येते, बोटे आवळल्यासारखी वाटतात. तात्या मध्यरात्री उठून नसलेल्या पायाची टाच चोळायला हात नेत आणि मग तसेच बसून राहत. आम्हाला तो भास वाटे. तो भास नाही. अवयव गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा आणि कापलेल्या नसा काम करत राहतात, आणि तिथून ती वेदना येते. तिच्यावर औषधे आहेत, आणि आरशात चांगल्या पायाचे प्रतिबिंब पाहत व्यायाम करण्याची एक पद्धतही आहे, जिचा काही जणांना चांगला उपयोग होतो. खुंटाची, म्हणजे कापल्यावर उरलेल्या भागाची, त्वचा रोज रात्री उजेडात पाहावी, लाल झालेली जागा किंवा फोड दिसला तर कृत्रिम पाय लावण्याचे थांबवून दाखवून घ्यावे, आणि पाय सैल झाला किंवा बोचू लागला तर तो बदलून घ्यायला कंटाळू नये, कारण खुंटाचा आकार काळाबरोबर बदलत असतो. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून हे काम करत आहे. ज्यांच्या मणक्याला इजा होऊन कमरेखालचे शरीर लुळे पडले आहे, अशा जवानांसाठी खडकीला १९७४ मध्ये स्थापन झालेले पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे.

स्फोटाजवळ असलेल्या माणसाच्या बाबतीत आणखी दोन तपासण्या आवर्जून मागाव्यात. एक कानांची, कारण ज्याला नीट ऐकू येत नाही तो मोठ्याने बोलतो, चिडल्यासारखा वाटतो आणि बैठकीतून उठून जातो. दुसरी मेंदूची, कारण स्फोटाच्या धक्क्याने मेंदूला झालेली इजा बाहेरून दिसत नाही. डोकेदुखी, विसराळूपणा, लक्ष न लागणे आणि संताप ही तिची लक्षणे पीटीएसडीच्या लक्षणांत मिसळून जातात, आणि दोहोंचे उपचार सारखे नाहीत.

उपचाराकडे कसे न्यावे

'तुम्हाला मानसोपचाराची गरज आहे' असे भांडणाच्या भरात कधीही म्हणू नये. ज्या शब्दाने जखम होते त्या शब्दाने कोणी दवाखान्यात जात नाही. शांत दिवस निवडावा आणि त्याला जे स्वतःला खुपते तिथून सुरुवात करावी. बहुतेकांना ती गोष्ट झोप असते. 'तुम्हाला झोप लागत नाही, त्यावर इलाज आहे, मी सोबत येते' या वाक्यात कमीपणा आणणारे काही नाही. पलटणीतल्या एखाद्या जुन्या सुभेदार साहेबांनी किंवा जोडीदाराने सांगितले तर ते घरच्यांच्या शंभर सांगण्यांपेक्षा अधिक लागू पडते, म्हणून अशा एका माणसाचा क्रमांक जवळ असावा.

सेवेत असलेल्या जवानाला एमआय रूममधून, म्हणजे पलटणीच्या छोट्या दवाखान्यातून, सैनिकी रुग्णालयात पाठवतात. पुण्याचे कमांड हॉस्पिटल आणि मुंबईचे आय. एन. एच. एस. अश्विनी येथे मानसोपचार विभाग आहेत. पेन्शनवर आलेल्यांसाठी २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, सुरू आहे, आणि तिच्या पॉलिक्लिनिकमधून तज्ज्ञाकडे जाण्याची चिठ्ठी मिळते. प्रत्यक्ष जाण्याआधी फोनवर बोलायचे असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा स्वतंत्र कक्षही सुरू झाला. त्याने फोन केला नाही तरी त्याची पत्नी किंवा आई स्वतःसाठी सल्ला विचारू शकते.

उपचारात काय होते हे आधी सांगितले तर भीती कमी होते. या विकारावर सर्वाधिक भरवशाची मानली जाणारी पद्धत बोलण्याची आहे. प्रशिक्षित तज्ज्ञासोबत, सुरक्षित खोलीत, ठरलेल्या गतीने ती आठवण पुन्हा पुन्हा शब्दांत मांडली जाते, आणि ज्या गोष्टी तो टाळतो त्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने जाण्याचा सराव होतो. अशी साधारण आठ ते पंधरा सत्रे लागतात. डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ईएमडीआर नावाची पद्धतही वापरली जाते. सुरुवातीच्या दोन-चार सत्रांनंतर स्वप्ने वाढल्यासारखी वाटू शकतात. नेमक्या याच वेळी घरचे म्हणतात, 'यापेक्षा आधीच बरे होते', आणि उपचार सुटतो. या टप्प्यावर घरच्यांनी धीर धरावा आणि तज्ज्ञाला हे कळवावे. या विकारावर दिल्या जाणाऱ्या सर्ट्रालीनसारख्या औषधांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे आठवड्याभरात गुण नाही म्हणून ती सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने अचानक बंदही करू नयेत. दुकानातून आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागते आणि मूळ त्रास तसाच राहतो.

दारू, हत्यार आणि एक सरळ प्रश्न

कँटीनची रम घरात असते आणि एक पेग घेतला की झोप लागते, हेही खरे आहे. पण दारूने आलेली झोप मध्यरात्रीनंतर मोडते आणि पहाटेची स्वप्ने अधिक भयंकर होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पेग वाढतो. भांडण करून, बाटल्या फोडून हे थांबत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरला पिण्याचे खरे प्रमाण सांगावे. जो रोज पुष्कळ पितो त्याची दारू घरच्या घरी एका दिवसात बंद करू नये. त्याने झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, आणि प्रसंगी जिवाला धोका होतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

निवृत्तीनंतर बँकेत किंवा कारखान्यावर सुरक्षारक्षकाची नोकरी करणाऱ्या अनेक माजी सैनिकांकडे परवान्याची बंदूक असते, आणि शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकाचा डबा असतोच. तो निराशेबद्दल बोलू लागला, वस्तू वाटून टाकू लागला, 'माझ्यापेक्षा तो गेला तो सुटला' असे म्हणू लागला, किंवा दीर्घ अस्वस्थतेनंतर एकाएकी शांत झाला, तर त्याला सरळ विचारावे: 'जीव द्यावासा वाटतो का?' असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट हे कोणीतरी विचारले म्हणून अनेकांना पहिल्यांदा बोलता येते. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे ठेवू नये, हत्यार आणि विषारी औषधे त्याच दिवशी घराबाहेर हलवावीत, बंदूक जमा करण्याबाबत पोलीस ठाण्यात विचारावे, आणि रुग्णालय गाठावे. तातडीच्या वेळी ११२ वर फोन करावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच गृहीत धरले जाते, म्हणून पोलिसांच्या भीतीने कोणाला दवाखान्यात नेण्याचे टाळू नये.

मागे राहिल्याची बोच ही या सर्वांच्या मुळाशी अनेकदा असते. शेजारचा जोडीदार गेला आणि आपण राहिलो, त्याला आणायला आपण परत गेलो नाही, किंवा जाऊ शकलो नाही, असे तो कधीतरी एखाद्या संध्याकाळी बोलून जाईल. त्यावर 'तुमची काही चूक नव्हती' असे घाईने म्हणू नये, कारण ते ऐकून तो गप्प होतो. 'त्याचे नाव काय होते?' एवढेच विचारावे आणि तो सांगेल तेवढे ऐकावे. त्या जोडीदाराच्या गावी जाऊन त्याच्या आईला भेटण्याची इच्छा त्याने बोलून दाखवली तर ती टाळू नये. मात्र हे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला आधी सांगावे आणि घरातले कोणीतरी सोबत जावे.

कागदपत्रांबाबत थोडक्यात

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश), मेडिकल बोर्डाचा अहवाल आणि जखमी झाल्याच्या नोंदीची प्रत एका पिशवीत ठेवून तिच्या छायाप्रती काढाव्यात. कारवाईत जखमी होऊन अपंगत्व आलेल्याला मिळणारी युद्धजखमी पेन्शन ही सामान्य अपंगत्व पेन्शनपेक्षा वेगळी आणि अधिक असते, त्यामुळे कागदावर नेमके काय लिहिले आहे हे तपासून घ्यावे. शंका असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे, मराठा रेजिमेंटच्या जवानांनी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा, आणि तरीही दाद लागली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे. ही धावपळ जवानाच्या माथी मारू नये. खिडकीपुढे उभे राहून आपली जखम पुन्हा पुन्हा सिद्ध करत राहणे यासारखे खच्ची करणारे दुसरे काही नाही.

मुले आणि पत्नी

मुलांपासून लपवले तर ती स्वतःलाच दोष देतात. 'बाबा लढाईत होते, तिथले त्यांना कधी कधी आठवते आणि ते घाबरतात. तुझ्यामुळे नाही' एवढे सहा वर्षांच्या मुलालाही समजते. बाबांना मागून जाऊन मिठी मारायची नाही, समोरून हाक मारत जायचे, ही गोष्ट मुले आपण सांगतो त्याहून लवकर शिकतात.

पत्नीबद्दल बोलायला गाव विसरते. तिला सगळे सांगतात की कुंकू शाबूत आहे, आणखी काय हवे. ती मात्र रात्र रात्र कान टवकारून पडलेली असते, तिची झोप त्याच्या झोपेला बांधलेली असते, आणि कालांतराने दचकणे, चिडणे, रडू येणे ही लक्षणे तिच्यातही दिसू लागतात. तिला आठवड्यातून दोन रात्री तरी दुसऱ्या खोलीत निर्धास्त झोपता यावे, म्हणून दीर, सासू, मोठा मुलगा यांनी पाळी लावावी. ती माहेरी चार दिवस गेली तर बोल लावू नये. तो हात उगारत असेल, तर तो जवान आहे, जखमी आहे, म्हणून ते सहन करत राहणे हा उपचार नव्हे. तिने आणि मुलांनी त्या वेळी घराबाहेर पडावे आणि तो शांत असताना डॉक्टरांसमक्ष हे बोलावे.

बरे वाटू लागल्यानंतरही वर्षातला एक दिवस सांभाळायचा राहतो, आणि तो म्हणजे जखमी झाल्याची तारीख. ती कॅलेंडरवर खूण करून ठेवावी, त्या आठवड्यात पाहुणे, बांधकाम, लग्नकार्य असे काही ठरवू नये, आणि आदल्या रात्री त्याला एकटे बसू द्यायचे की सोबत हवी हे विचारावे. तात्यांची शेवटची काही वर्षे आम्ही एवढे तरी नीट केले. डिसेंबरातल्या त्या रात्री माझा भाऊ किंवा मी ओसरीवर शेकोटी करून त्यांच्या शेजारी बसत असू. ते फारसे बोलत नसत. कधी एखाद्या सोबत्याचे नाव घेत, कधी त्या प्रदेशातल्या नद्यांबद्दल सांगत. पहाटे चारच्या सुमाराला पाय काढून बाजूला ठेवत आणि म्हणत, 'जा, झोप आता तू.'